मॉर्व्हेलिन नावाची साडी

आधी हे सांगून टाकते, म्हणजे बाकीचं तुम्ही शांतपणे वाचाल. माणसाला जागं ठेवून मेंदूचं ऑपरेशन करतात तेव्हा मेंदू दुखत नाही. डोक्याची कातडी दुखते, पण ती आधी बधिर करतात. मान अवघडते, तहान लागते. नाकाला खाज सुटते आणि हात हलवायची परवानगी नसते, हे सगळ्यात वाईट. मी त्यातून गेले. आता घरी आहे, स्वयंपाक करते, कामावर जाते, आणि हे मी स्वतः लिहिलं आहे. माझी मुलगी सुरतेत गुजराती शाळेत शिकली, तिला मराठी लिहिता येत नाही. त्यामुळे तिची मदत घ्यायचा प्रश्नच नव्हता.

ज्यांच्या डोक्यात गाठ निघाली आहे त्यांच्यासाठी लिहिते आहे. ज्यांच्या घरच्याच्या डोक्यात निघाली आहे त्यांनीही वाचावं. त्यांना जास्त गरज असते.

माझं काम

मी सुरतेच्या रिंग रोडवरच्या कपडा मार्केटमध्ये एका शेठकडे कामाला आहे. "ही साड्यांना नावं ठेवते," असं माझे मिस्टर, भास्कर, लोकांना सांगतात. "फक्त साड्यांनाच नाही," हे पुढचं वाक्यही त्यांचंच. लग्नापासून हा एकच विनोद चालू आहे.

काम खरंच ते आहे. सुरतेत साडीची नवी क्वालिटी निघाली की तिला नाव लागतं. बाहेरगावचा व्यापारी फोनवर नावानेच माल मागवतो. नाव इंग्रजी पाहिजे, वजनदार पाहिजे, आणि आमच्या शेठच्या बाबतीत त्यात ठरावीक अक्षरं पाहिजेत. शेठचे एक गुरुजी आहेत. दर दिवाळीनंतर ते सांगतात की यंदा नावात अमुक अक्षर चालेल. मग शेठ माझ्याकडे येतात. एका वर्षी एल आणि एस हवे होते. मी 'टिन्सेल' दिलं. टिन्सेल म्हणजे चमचमती तार, जरीच्या साडीला शोभेलसं. ते नाव चांगलं चाललं आणि तेव्हापासून लेबलं लावणारी मी नावं देणारी झाले.

लोकांना वाटतं मी इंग्रजी शाळेत शिकले असेन. मी उधन्याच्या म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत शिकले. वडील पॉवरलूमवर होते. आमच्याकडे इंग्रजी आलं ते पाट्यांवरून आणि खोक्यांवरून. 'डेंजर' मी शिकले लूमच्या शेडबाहेरच्या विजेच्या पेटीवरून, खाली कवटी होती. 'गार्डन' म्युनिसिपालिटीच्या बागेच्या फाटकावरून. बऱ्याच वर्षांनी लक्षात आलं की दोन्हींत तीच सहा अक्षरं आहेत. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो कुणाला सांगण्यासारखा नव्हता. भास्करांना सांगितला, ते म्हणाले, "बरं मग?"

मोबाइल आला तसा अक्षरांचा खेळ आला. पडद्यावर गोलात सात इंग्रजी अक्षरं, मधलं अक्षर प्रत्येक शब्दात आलंच पाहिजे, होतील तितके शब्द काढायचे. चुकीचा शब्द टाकला की अक्षरं थरथरतात आणि 'शब्द नाही' अशा अर्थाची ओळ येते. सकाळचा चहा उकळेपर्यंत माझा सातही अक्षरांचा शब्द निघालेला असायचा. हा माझा व्यायाम, करमणूक आणि धंद्याची तयारी.

शब्द नाही

आजार कुठून सुरू झाला असं सगळे विचारतात. डोकं दुखलं का, चक्कर आली का. नाही. माझा आजार त्या खेळात सुरू झाला.

अक्षरं थरथरायला लागली. मी शब्द टाकायचे, खेळ नाकारायचा. दुसरा टाकला, नाकारला. मला वाटलं, खेळच बिघडला आहे. मी हर्षदाला, म्हणजे मुलीला, तो मोबाइलवरून काढून पुन्हा घालायला लावला. तरी तेच. मग मी वैतागून खेळणं कमी केलं आणि खेळ बनवणाऱ्यांना मनातल्या मनात बरंच बोलले.

त्याच सुमारास शेठ आले. गुरुजींनी व्ही आणि एल सांगितले होते. हलकी, धुरकट रंगांची साडी होती, हातात घेतली तर पाण्यासारखी सरकत होती. मी साडीकडे पाहिलं आणि एका दमात म्हणाले, "मॉर्व्हेलिन."

शेठने अर्थ विचारला. मी सांगितला: डोंगरावर सकाळी उतरणारं पातळ धुकं. मला तो अर्थ शोधावा लागला नाही. जसं पाणी म्हणजे पाणी, तसं मॉर्व्हेलिन म्हणजे ते धुकं, हे मला माहीत होतं.

"आ तो बहु सरस नाम छे, बेन," शेठ म्हणाले. बऱ्याच वर्षांत इतकं चांगलं नाव दिलं नव्हतं, असंही म्हणाले.

खोकी छापली. खोक्यावर नाव, खाली धुक्याचा डोंगर. माल निघाला. पहिला लॉट संपला, दुसरा आला. मार्केटमध्ये कुणीही, एकानेही, हा शब्द कुठला असं विचारलं नाही. विचारणार कोण? तिथल्या निम्म्या नावांना अर्थ नसतो. दुसऱ्या कुठल्याही ऑफिसात मी असं काही लिहिलं असतं तर साहेबाने बोलावून घेतलं असतं. सुरतेत माझ्या आजाराची पहिली खूण खोक्यावर छापली गेली आणि तिचं कौतुक झालं.

हर्षदाने शोधलं

शेठच्या पोरांनी दुकानाचं पान मोबाइलवर काढलं होतं. त्यावर साडीखाली दोन ओळी लिहायचं काम हर्षदाला मिळालं. ती मॉर्व्हेलिनचा अर्थ नीट पाहायला गेली आणि तिला काहीच सापडलं नाही.

"मम्मी, हे तर खोकल्याचं औषध वाटतं," ती हसत म्हणाली. "कुठून आणलंस?"

मी म्हटलं, तुम्हा पोरांना शोधता येत नाही. अशा शब्दांची माझ्याकडे कमतरता नाही. आणि मी तिला आणखी पाच-सहा सांगितले, अर्थांसकट. ती एकेक मोबाइलवर टाकत गेली. आधी हसत होती. मग हसायची थांबली. मग तिने मोबाइल खाली ठेवला आणि मला साधं विचारलं, सकाळी भाजी कशाची केली होतीस. मला भाजी दिसत होती, तिची चव जिभेवर होती, नाव येत नव्हतं. गिलक्याची, म्हणजे घोसाळ्याची, होती.

उधन्याच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी वयाचं कारण दिलं, टेन्शनचं दिलं, शक्तीच्या गोळ्या दिल्या. भास्करांना ते पटलं, कारण ते पटण्यासारखं होतं. पण मी लेबलं लावण्यात हयात घालवलेली बाई आहे. खोक्यावर एक आणि आत दुसरं असेल तर मला झोप येत नाही. मी हर्षदाला म्हटलं, मोठ्या डॉक्टरकडे चल, पप्पांना नंतर सांगू.

जायच्या आधीच मार्केटमध्ये तो प्रसंग घडला. शेठने विचारलं कुठला लॉट आधी पाठवायचा. मला प्रश्न कळला, उत्तर माहीत होतं, आणि तोंडातून फक्त "हो, हो, हो" निघत राहिलं. उजव्या हातातली कापड मोजायची टेप खाली पडली. मिनिटभरात सगळं ठीक झालं. पण शेठने पाहिलं होतं. त्यांनी स्वतःच्या गाडीतून मला दवाखान्यात पोहोचवलं. भर धंद्याच्या वेळी शेठने दुकान सोडलं म्हणजे परिस्थिती काय असेल ते मला कळलं.

गाठ

एमआरआयच्या मशीनचा आवाज लूमच्या शेडसारखा असतो. मला घरी आल्यासारखं वाटलं.

डॉक्टरांनी फिल्म उजेडापुढे धरली. डाव्या बाजूला, कानाच्या वर, गाठ होती. हळू वाढणारी दिसते, असं ते म्हणाले. पण ती शब्दांच्या घरात बसली आहे. काढावी लागेल, आणि काढताना तुम्हाला जागं ठेवून बोलतं ठेवावं लागेल, म्हणजे आम्हाला कळेल की आमचा हात कुठे थांबवायचा.

भास्कर पलसाण्याच्या प्रोसेस हाऊसमध्ये सुपरवायझर आहेत. त्यांच्या हाताखाली कापडाचे ताके रंगून निघतात. डाग असलेला ताका ते पुढे जाऊ देत नाहीत. त्यांनी विचारलं, सगळी निघेल ना? डॉक्टर म्हणाले, तोच तर प्रश्न आहे. सगळी काढायला गेलो तर बोलणं जाऊ शकतं. बोलणं पूर्ण वाचवायला गेलो तर थोडी राहू शकते.

"सगळी काढा," भास्कर म्हणाले.

"शब्द राहू द्या," मी म्हणाले.

दोघं एकदमच बोललो. डॉक्टरांनी दोघांकडे पाहिलं आणि म्हणाले, घरी बोलून या. मग त्यांनी मला गाडी चालवायची बंदी केली, फिट येऊ शकते म्हणून. खरं सांगते, त्या क्षणी गाठीपेक्षा गाडीचाच राग आला. उधन्यापासून मार्केटपर्यंत रोज माझ्या दुचाकीवरून जाणारी मी, आता रिक्षात कुणाच्या तरी गुडघ्याला गुडघा लावून बसणार.

घरी आम्ही बोललो नाही. भांडलो. भास्करांचं म्हणणं साधं होतं: तू मुकी झालीस तरी चालेल, जिवंत पाहिजेस. माझंही साधं होतं: मला चालणार नाही. तुम्ही ताक्यातला डाग काढायला अख्खा ताका जाळत नाही. त्यावर ते म्हणाले की माणूस म्हणजे ताका नाही, आणि जेवायचं ताट तसंच ठेवून बाहेर गेले. ते रडायला गेले होते हे मला नंतर हर्षदाने सांगितलं. मला तेव्हा वाटलं होतं, पान खायला गेले.

कुठल्या भाषेत

हॉस्पिटलमध्ये धारा नावाची मुलगी भेटली. वाचा आणि भाषा तपासणारी. तिशीची, गुजराती, हात कायम गार. तिचं आणि माझं सगळं बोलणं गुजराती-हिंदीत व्हायचं. तिने समजावलं की टेबलावर ती माझ्यासमोर बसून चित्रं दाखवेल, मी नावं सांगायची. पण माणूस थकतो, वेळ थोडा असतो. तेव्हा कुठली भाषा तपासायची ते आधी ठरवू.

भास्कर म्हणाले, मराठी आणि गुजराती. मी म्हणाले, इंग्रजी. माझं पोट त्यावर आहे, आणि आजार आधी तिथेच दिसला.

खोलीत माझ्या सासूबाईही होत्या. सगळं घर त्यांना जिजी म्हणतं. अमळनेरकडच्या. सासऱ्यांबरोबर सुरतेला आल्या त्याला आता जमाना झाला, तरी बोलतात फक्त अहिराणी. गुजरात त्यांच्या तोंडात शिरलेला नाही. त्या इतका वेळ पिशवी मांडीवर घेऊन ऐकत होत्या.

"मंग आमनासंगे काय बोलशी तू?" त्या म्हणाल्या.

मी धाराला म्हटलं, भाषा नंतर ठरवू. 

जिजी आणि चित्रं

सराव सुरू झाला. चित्र दिसलं की नाव सांगायचं. पंखा, बस, टीव्ही, रिक्षा झटपट. पण केळं, डोळा, चूल, विळा आला की मी अडखळायचे. धारा दर वेळी कागदावर खूण करायची. शेवटी डॉक्टरांशी ती हळू बोलताना मी ऐकलं की घरातल्या वस्तूंचे शब्द बरेच गेलेले दिसतात, गाठ समजत होतो त्यापेक्षा खोल असेल. भास्करांचा चेहरा पडला.

जिजी कोपऱ्यात बसून पाहत होत्या. केळ्याचं चित्र पुन्हा आलं. मी थांबले.

"तिले घरनी बोली बोलू द्या," जिजी धाराला म्हणाल्या. "मंग देखा."

धाराला कळलं नाही. मला कळलं, आणि हसू आलं. आम्हा खानदेशी माणसांची ही खोड आहे. शिकलेल्या माणसासमोर घरचा शब्द काढायचा नाही. शाळेत बाई हसायच्या, तेव्हापासूनची. केळं दिसलं की माझ्या तोंडात आधी 'केयं' येतं. ते मी गिळते, आणि मग शाळेतलं 'केळं' काढते. धारा त्या गिळण्याला आजार समजत होती. हॉस्पिटलच्या कागदावर भास्करांनीही मातृभाषा मराठी लिहिली होती. घरात अहिराणी बोलतो हे लिहायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"घरमां शुं बोलो छो, उज्ज्वलाबेन?" धाराने विचारलं. मी सांगितलं, घरात अहिराणी. तिने सगळी चित्रं परत पहिल्यापासून काढली.

या वेळी मी घरच्या बोलीत धाड धाड सांगत गेले. बरोबर की चूक हे ठरवायला जिजी शेजारी खुर्चीवर. त्या मान हलवायच्या, धारा खूण करायची. मध्येच जहाजाच्या नांगराचं चित्र आलं.

"हाई काय शे?" जिजींनीच विचारलं.

मी म्हटलं, जहाज बांधायचं. त्या म्हणाल्या, त्यांच्या घरी जहाज नव्हतं, तेव्हा हे चित्र काढून टाकावं. धाराने खरंच काढून टाकलं. चुकांचा जो आकडा आधी डॉक्टरांकडे गेला होता तो बदलला. गाठ होती तिथेच होती, आणखी खोल नव्हती.

धाराने ठरवलं: चित्रं अहिराणीत, म्हणजे जी बोली आधी येते तिच्यात. शेवटी, वेळ राहिला तर, इंग्रजी अक्षरं. मी म्हटलं, वेळ राहिला तर नाही, वेळ ठेवायचा. तिने डॉक्टरांना विचारून हो म्हटलं.

एक युक्ती

सरावात मला एक गोष्ट सापडली. ज्यांना शब्दांचा त्रास होतो त्यांनी ही करून पाहावी.

खोटा शब्द खऱ्यासारखाच येतो. कधी जास्त चकचकीत येतो. अर्थही बरोबर घेऊन येतो. मग ओळखायचा कसा? मी स्वतःला विचारायला लागले: हा शब्द मला भेटला कुठे? 'डेंजर' विजेच्या पेटीवर. 'गार्डन' फाटकावर. 'टिन्सेल' जरीच्या खोक्यावर. खऱ्या शब्दाला पत्ता असतो. मॉर्व्हेलिनला विचारलं, तू कुठे भेटलास, तर उत्तर नाही. नुसतं धुकं.

त्यानंतर पत्ता नसलेला शब्द मी तोंडातून काढणं बंद केलं. धाराला ही युक्ती सांगितली. ती म्हणाली, हे पुस्तकात नाही. मी म्हटलं, नसू दे.

टेबलावर

भीती वाटली का? वाटली. पण भीती वाटण्याची जागा थिएटरच्या बाहेर, कॉरिडॉरमध्ये आहे, जिथे स्ट्रेचर उभं करून ठेवतात आणि लोक तुमच्याकडे न पाहता जातात. तिथे एका आयाने माझ्या पायांवरची चादर नीट केली आणि विचारलं, पायमोजे देऊ का. त्या पायमोज्यांचे उपकार मी अजून विसरले नाही.

आत एकदा झोपवतात, मग उठवतात. डोळे उघडले तर समोर निळ्या कापडाचा तंबू आणि त्यात धाराचा चेहरा. तिने माझा डावा हात धरला. गार. त्या दिवशी तो गारपणा बरा वाटला. डोक्यामागे डॉक्टर काहीतरी करत होते, आवाज येत होता, दुखत नव्हतं.

चित्रं सुरू झाली, अहिराणी नावं धाराने जिजींकडून आधीच लिहून घेतली होती. मी सांगत गेले. मध्येच, फणीचं चित्र समोर असताना, तोंडापुढे दुकानाचं शटर पडावं तसं झालं. फणी दिसत होती, शब्द शटरच्या पलीकडे. धारा म्हणाली, "थांबलं." डॉक्टरांनी हात काढला. शटर वर गेलं. असं पुन्हा पुन्हा झालं. ते कुठे हात लावायचा नाही याच्या खुणा करत होते. बराच वेळ गेला. माझी जीभ कोरडी पडली. धाराने ओठांवर ओला कापूस लावला.

मग अक्षरं. एल, आय, एस, टी, ई, एन. सगळी वापरून शब्द सांगा.

"लिसन," मी म्हणाले. "सायलेंट. टिन्सेल."

आणि मग एक आला. 'लेस्टिन'. सगळी अक्षरं बरोबर. अर्थही आला: साडीच्या काठाची आतली, न दिसणारी शिवण. इतका सुंदर शब्द मला आयुष्यात सुचला नव्हता. मी त्याला विचारलं, कुठे भेटलास? पाटी नाही, खोकं नाही, कुणाचं तोंड नाही.

मी तो गपकन गिळून टाकू शकले असते. कुणाला कळलं नसतं. डॉक्टर पुढे गेले असते.

"धारा," मी म्हणाले, "खोटे यायला लागलेत."

तिने डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर म्हणाले, आता कडेला अगदी थोडी राहिली आहे. ती काढायला गेलो तर हेच शब्द जातील. थांबू का? मी आधीच सांगून ठेवलं होतं, तेच पुन्हा सांगितलं: शब्द राहू द्या. त्यांनी हात थांबवला.

नंतर

शुद्धीवर आले तेव्हा जिजी उशाशी होत्या. "वयखस का माले?" त्यांनी विचारलं, म्हणजे ओळखतेस का मला. मी म्हटलं, "जिजी, पानी दे." त्यांनी बाहेर जाऊन सगळ्यांना सांगितलं की सून बोलली आणि लगेच हुकूमही सोडला, म्हणजे बरी आहे.

भास्करांना थोडी राहिल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. त्यांनी घरी आल्यावर, डोक्याची पट्टी बदलताना, विचारलं.

"तू कशाला सांगितलंस त्यांना? गप्प बसली असतीस तर सगळी निघाली असती."

मी म्हटलं, गप्प बसले असते तर कायमची गप्प बसले असते. त्यांनी पट्टी बांधली. गाठ, म्हणजे पट्टीची, जरा घट्ट बांधली. मी सैल करा म्हटलं, त्यांनी केली. पुढे कित्येक दिवस ते माझ्याशी कामापुरतं बोलत होते. त्यांना वाटत होतं की मी त्यांच्यापेक्षा शब्दांना जास्त मानते. आमच्यात यावर आजही एकमत नाही. पण रिपोर्ट आला तेव्हा, हळू वाढणारी जात आहे, नजर ठेवू, असं कळलं. त्या संध्याकाळी त्यांनी येताना गिलकी आणली. म्हणाले, नाव सांग. मी सांगितलं. मग ते हसले.

पहिले काही आठवडे वाईट होते, ते लपवत नाही. लाटण्याला काय म्हणतात ते जायचं. हर्षदा माझी वाक्यं पूर्ण करायची, प्रेमाने, आणि मला तिला लाटणं फेकून मारावंसं वाटायचं, नाव आठवलं असतं तर. घरच्यांना माझी एकच विनंती: आमचं वाक्य पूर्ण करू नका. थांबा. शब्द जिन्यातून चढत असतो, तुम्ही वरून दार उघडून ओरडलात की तो खाली पळतो. आणि आमच्यासमोर आमच्याबद्दल तिसऱ्या माणसासारखं बोलू नका. आम्ही बोलू शकत नसू, पण ऐकतो सगळं.

जिजी रोज कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी करून वाढायच्या आणि ताटातल्या प्रत्येक गोष्टीचं नाव मला विचारायच्या. धाराचा व्यायाम संपल्यावरही जिजींचा संपला नाही.

कामावर परत जाईन की नाही याची मला शंका नव्हती, बाकी सगळ्यांना होती. शेठ एकदा घरी आले. चहा घेतला. जाताना दारात थोडे घुटमळले आणि म्हणाले, बेन, मॉर्व्हेलिन अजून चालू आहे, तसंच आणखी एखादं मिळेल का? मी म्हटलं, तसं नाही मिळणार, शेठ. खरं मिळेल.

धाराने मोजलं नाही

परवा तपासणीला गेलो. फिल्म आधीसारखीच आहे, वाढ नाही. डॉक्टरांनी गाडीबद्दल अजून थांबा म्हटलं. मग धाराकडे. तिची नेहमीची परीक्षा: एक अक्षर देते, घड्याळ लावते, त्या अक्षराचे शब्द सांगायचे. इंग्रजीत. त्या दिवशी एम होतं.

मी सांगत गेले. मिल, मशीन, मार्केट, मीटर, मॅनेजर, मिरर, मंडे, मेडिकल. धाराचं पेन चालत होतं. दारापाशी भास्कर पिशवी घेऊन उभे होते. वेळ संपत आली तसं मी म्हटलं, "मॉर्व्हेलिन."

पेन थांबलं. धाराने वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखते, हर्षदाच्या चेहऱ्यावर तेच आलं होतं. भास्कर एक पाऊल पुढे आले.

मी त्यांच्या हातातल्या पिशवीतून खोकं काढून धाराच्या टेबलावर ठेवलं. धुक्याचा डोंगर, वर छापलेलं नाव. आत राखाडी-निळी साडी, तिच्यासाठी आणलेली. मी म्हटलं, पत्ता सांगते. रिंग रोड, आमचं दुकान, दुसरा मजला. हमालांच्या तोंडी आहे, शेठच्या तोंडी आहे, जळगावच्या व्यापाऱ्याच्या तोंडी आहे. मी स्वतः ऐकलं आहे.

धारा हसली, भास्करांनी श्वास सोडला. तिने साडीची घडी उलगडून हात फिरवला आणि म्हणाली, कापड खरंच तसंच आहे, धुक्यासारखं.

मग तिने कागदावर शब्द मोजले आणि बेरीज लिहिली. मॉर्व्हेलिन धरलं नव्हतं.

बरोबर केलं. मी तिच्या जागी असते तर मीही धरलं नसतं.